एका पळत्या ताऱ्याचे मूळ गाव

इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी आकाशातील ताऱ्यावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरे हा आमच्या अभ्यासाचा नेहमीचा प्रांत. या लेखाचे निमित्त मात्र एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने झाले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्या असे ध्यानात आले की, खगोलशास्त्र हेही एका अर्थाने इतिहासच आहे. पुरावे गोळा करावेत, साक्षी तपासाव्यात, कालक्रम लावावा आणि नवा पुरावा मिळताच जुना निष्कर्ष विनासंकोच बदलावा, ही पद्धत दोन्हीकडे एकच.

वार्षिक परीक्षा संपल्यानंतर, मुले सुटीसाठी घरी जाण्याच्या आदल्या रात्री, आम्ही त्यांना वसतिगृहासमोरच्या मोकळ्या जागेत आकाश दाखवितो. भाटघरच्या जलाशयाकडून वारा येत असतो आणि त्या दिवसांत पाणीही बरेच ओसरलेले असते. एप्रिलच्या अखेरीस रात्री अकराच्या सुमारास आग्नेयेकडे वृश्चिक वर येतो. त्याच्या मध्यभागीची तांबूस ज्येष्ठा आम्ही दाखविली, तेव्हा नववीतील एका मुलीने हळू आवाजात विचारले, "सर, ज्येष्ठा वाईट असते का?" तिचा जन्म ज्येष्ठा नक्षत्रावरचा. घरात काही विपरीत घडले, वडीलधाऱ्यांपैकी कुणी आजारी पडले, की बोलणे फिरून तिच्या जन्मवेळेपाशी येई. ज्येष्ठेवर जन्मलेले मूल घरातील थोरल्यांना जड जाते, ही समजूत जुनी आहे. ती आपल्या वस्त्यांतूनही अजून पुरती गेलेली नाही, हे आपण मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

आम्ही तिला तत्क्षणी "नाही" असे सांगितले. परंतु शिक्षकाने नुसते "नाही" म्हणणे म्हणजे एका अधिकारवाणीच्या जागी दुसरी अधिकारवाणी आणून बसविणे होय. उत्तर कारणांसह द्यावयास हवे. म्हणून त्या उन्हाळ्यात आम्ही ज्येष्ठेच्या परिसरातील ताऱ्यांविषयी वाचन केले. त्यात ज्येष्ठेच्या शेजारच्या एका ताऱ्याची हकीकत हाती आली. ती त्या मुलीसाठी, आणि आपणा सर्वांसाठी, येथे मांडीत आहोत.

तारा कोठे आहे?

ज्येष्ठेकडे तोंड करून हात लांब करावा आणि मूठ वळावी. ज्येष्ठेपासून डावीकडे, म्हणजे उत्तरेला, सुमारे दीड मूठ अंतरावर एक मध्यम तेजाचा तारा दिसतो. हा भाग भुजंगधारी तारकासमूहाचा. ताऱ्याचे पाश्चात्त्य नाव झीटा ऑफियुकी. आपण त्याला झीटा भुजंगधारी म्हणू. त्याची प्रत सुमारे २.६ आहे, त्यामुळे तो नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो. पुढे जूनमध्ये मध्यरात्रीच्या आगेमागे तो दक्षिणेकडे चांगलाच उंच चढतो, पण तोवर आपल्याकडे पावसाचे ढग दाटलेले असतात. म्हणून तो पाहावा एप्रिल-मेमध्ये, नाहीतर पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळी पश्चिमेच्या अंगाला.

दिसावयास साधा असणारा हा तारा प्रत्यक्षात प्रचंड आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २० पट आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान ५,८०० अंश केल्विनच्या आसपास, तर याचे ३०,००० अंशांहून अधिक. तो आपल्यापासून सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहे. आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश तेथून निघाला, तेव्हा आपल्या शेजारचा राजगड उभा राहावयाचा होता आणि शिवरायांचा जन्मही झालेला नव्हता.

इतका तेजस्वी तारा मग मध्यम का दिसतो? त्याच्या आणि आपल्या मध्ये अंतराळातील धुळीचे ढग आहेत आणि त्याचा बराचसा प्रकाश ते अडवितात. ही धूळ नसती, तर तो आकाशातील अत्यंत तेजस्वी ताऱ्यांच्या पंक्तीत बसला असता. तेज कमी दिसते ते ताऱ्यात उणेपणा आहे म्हणून नव्हे, तर मध्ये उभ्या असलेल्या धुळीमुळे, हे ऐकल्यावर वर्गातील मुले जरा वेळ गप्प झाली होती.

स्पंदन पावणारा आणि पळणारा

या ताऱ्याची दोन वैशिष्ट्ये आहेत. पहिले म्हणजे तो स्पंदन पावतो. २००४ साली कॅनडाच्या 'मोस्ट' नावाच्या लहानशा उपग्रहाने सुमारे साडेतीन आठवडे या ताऱ्यावर नजर रोखली. तेव्हा त्याच्या तेजात अनेक सूक्ष्म चढउतार एकाच वेळी चालू असल्याचे आढळले. त्यांतील मुख्य चढउताराचे आवर्तन सुमारे ४.६ तासांचे आहे. ताऱ्याचा पृष्ठभाग एखाद्या तळ्यासारखा हेलकावत असतो. एक भाग उचलला जातो, तेव्हा दुसरा खाली बसतो.

हे का घडते? ताऱ्याच्या पृष्ठभागाखाली, जेथे तापमान सुमारे दोन लाख अंश असते, अशा थरात लोह आणि त्याच्या जवळची मूलद्रव्ये आतून येणारा प्रकाश अडवून धरतात. भाताच्या पातेल्यावरील झाकण आठवावे. वाफ कोंडते, झाकण उचलले जाते, वाफ निसटते, झाकण पुन्हा बसते आणि हेच चक्र चालू राहते. तसेच येथे. अडलेल्या उष्णतेने थर फुगतो, फुगला की विरळ होऊन उष्णता सोडतो, आणि पुन्हा आकसतो. पातेल्यातील झाकणाचे काम ताऱ्यात लोह करते. लोहाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, तेव्हा वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे हा तारा पळत आहे. सर्वच तारे गतिमान असतात, पण एका परिसरात एकत्र जन्मलेले तारे साधारणतः एकाच दिशेने, एकाच वेगाने जातात. जत्रेला निघालेल्या बैलगाड्यांसारखी त्यांची चाल असते. हा तारा मात्र आपल्या आसपासच्या द्रव्यामधून सेकंदाला २४ किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने वाट काढीत चालला आहे. म्हणजे ताशी ८६,००० किलोमीटरांहून जास्त. होडी वेगाने जाऊ लागली, की तिच्या टोकापुढे पाण्याची कमान उठते, हे जलाशयाकाठच्या मुलांना सांगावे लागत नाही. या ताऱ्यापुढेही वायू आणि धूळ यांची अशीच एक भव्य कमान उठली आहे. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, परंतु 'स्पिट्झर' आणि 'वाइज' या अवकाशातील अवरक्त दुर्बिणींनी टिपलेल्या छायाचित्रांत ती स्पष्ट दिसते. तारा कोणत्या दिशेला चालला आहे, हे ती कमानच सांगते.

याशिवाय तो स्वतःभोवती अतिशय वेगाने फिरतो. त्याच्या विषुववृत्तावरील वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर आहे. सूर्याचा अवघा दोन. या गरगरण्यामुळे तारा मध्यभागी फुगीर झाला आहे.

शास्त्रज्ञांनी अशा ताऱ्यांना 'पळता तारा' हे नाव दिले आहे. आता जो पळत आहे, त्याच्याविषयी दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. तो कोठून निघाला? आणि त्याला घर सोडण्याची वेळ का आली?

दोन तर्क

हे प्रश्न भाटघरच्या परिसरात फार परके नाहीत. येथील सध्याचे धरण १९२८ साली पूर्ण झाले. पाणी चढले तशी वेळवंडी खोऱ्यातील गावे बुडाली आणि माणसे पांगली. आपल्या शाळेच्या प्रवेश-अर्जावर 'मूळ गाव' असा एक रकाना आहे. तो भरताना काही पालकांचे हात आजही थबकतात. जे गाव आज जमिनीवर नाही, त्याचे नाव लिहावे की सध्याच्या वस्तीचे?

ताऱ्यांच्या बाबतीत या प्रश्नाची दोन उत्तरे पुढे आली. १९६१ साली नेदरलँड्सचे खगोलशास्त्रज्ञ आद्रियान ब्लाऊ यांनी पहिला तर्क मांडला. पळता तारा पूर्वी जोडीने राहत असावा. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असताना त्यांपैकी मोठ्याचा स्फोट झाला आणि धाकटा मोकळा सुटला. दुसरा तर्क १९६७ साली मेक्सिकोचे अर्कादिओ पोवेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तरुण ताऱ्यांच्या दाट गर्दीत तारे एकमेकांच्या फार जवळ येतात, त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत एखादा बाहेर फेकला जातो. दोन्ही गोष्टी विश्वात घडतात. प्रश्न इतकाच होता की, झीटाच्या बाबतीत कोणती घडली?

पहिला तर्क नीट समजून घेण्याजोगा आहे. स्फोटाच्या धक्क्याने धाकटा तारा ढकलला गेला, अशी पुष्कळांची कल्पना होते, ती बरोबर नाही. आपल्याकडील शेतकरी राखणीसाठी गोफण फिरवितो. दगड गोल फिरत असतो, कारण दोरीने त्याला धरून ठेवलेले असते. दोरीचे एक टोक सुटले, की दगड त्याच्याच वेगाने सरळ निघून जातो. जोडताऱ्यांमध्ये ही दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. मोठ्या ताऱ्याचा स्फोट होतो तेव्हा त्याचे बहुतेक द्रव्य दूर फेकले जाते, उरलेल्या लहान गाभ्याला जोडीदार धरून ठेवता येत नाही, आणि धाकटा तारा आपल्या फिरण्याच्याच वेगाने वाटेला लागतो.

झीटाच्या अंगावर या जुन्या संसाराच्या खुणाही आहेत. मोठा तारा आयुष्याच्या उत्तरार्धात फुगतो, तेव्हा त्याच्या अंगावरील वायू धाकट्यावर ओतला जातो. त्याबरोबर फिरण्याची गतीही धाकट्याकडे येते. झीटाचे ते वेगवान गरगरणे आणि त्याच्या पृष्ठभागावर अपेक्षेहून अधिक आढळणारे हेलियम यांची संगती यामुळे लागते.

हरवलेल्या जोडीदाराचा माग

स्फोट झाला असेल, तर त्याचा अवशेष कोठेतरी असला पाहिजे. एवढ्या मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर मागे राहतो तो न्यूट्रॉन तारा. एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात सूर्याहून अधिक द्रव्य दाबून बसलेले. तो फिरता फिरता रेडिओ लहरींचा झोत दीपस्तंभासारखा फेकतो. पृथ्वीवर त्याचे ठोके ऐकू येतात, म्हणून त्याला स्पंदक म्हणतात. नाव सारखे असले तरी झीटाचे स्पंदन वेगळे आणि हे वेगळे. झीटाचा पृष्ठभाग हेलकावतो, स्पंदक मात्र केवळ फिरत असतो.

पहिला स्पंदक १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या तरुण संशोधक विद्यार्थिनीच्या नजरेला पडला. १९७४ सालचे नोबेल पारितोषिक मात्र तिच्या मार्गदर्शकाला मिळाले, तिला नाही. पुढे २०१८ साली एका मोठ्या पुरस्काराची ३० लाख डॉलरची रक्कम तिच्या हाती आली. ती तिने भौतिकशास्त्रात ज्यांना पुरेशी संधी मिळत नाही अशा समाजगटांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली. शिष्यवृत्तीच्या आधाराने शिकलेल्या आपल्या पिढ्यांना या कृतीचे मोल सांगावयास नको.

झीटाच्या जोडीदाराचा शोध घेण्याची रीत सरळ आहे. तारा आज कोठे आहे, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालला आहे, हे मोजावयाचे. मग काळ उलटा फिरवावयाचा. स्पंदकाचेही तेच करावयाचे. दोघे भूतकाळात एकाच वेळी एकाच ठिकाणी भेटले, आणि ते ठिकाण तरुण ताऱ्यांच्या वस्तीत निघाले, तर संबंध जुळला. यासाठी मोजमाप अत्यंत काटेकोर हवे. 'हिप्पार्कस' उपग्रहाने केलेली ताऱ्यांची यादी १९९७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ते शक्य झाले.

नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी २००० च्या सुमारास असा माग काढला. झीटा आणि 'पीएसआर बी १९२९+१०' हा स्पंदक सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी एकत्र होते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला आणि तो सर्वत्र गाजला. परंतु पुढे त्या स्पंदकाचे अंतर आणि गती अधिक अचूक मोजली गेली, तेव्हा ही सांगड ढिली पडली. कुणी जुन्या मताला कवटाळून बसले नाही, शोध पुन्हा सुरू झाला.

२०२० साली जर्मनीतील येना येथील संशोधकांनी एक व्यापक गणित मांडले. ज्यांची आकाशातील सरक ठाऊक आहे अशा सुमारे ४०० न्यूट्रॉन ताऱ्यांचे मार्ग त्यांनी मागे नेले, आणि वृश्चिक-नरतुरंग भागातील तरुण ताऱ्यांच्या वस्तीतून निघालेल्या पळत्या ताऱ्यांशी पडताळून पाहिले. झीटाची जोडी जमली ती 'पीएसआर बी १७०६-१६' या स्पंदकाशी. सुमारे १७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी, आपल्यापासून जवळजवळ ३५० प्रकाशवर्षांवर, हे दोघे एकत्र होते. चूक दोन लाख वर्षे इकडे-तिकडे असू शकते. स्फोट पावलेला तारा सूर्याच्या १६ ते १८ पट वस्तुमानाचा असावा, असेही त्यांनी काढले.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट नोंदवून ठेवावी. स्पंदक आकाशात आडवा किती सरकतो हे मोजता येते, पण तो आपल्याकडे येतो की दूर जातो, हे थेट मोजता येत नाही. तेवढे एक पान दप्तरातून गहाळ आहे, आणि ते तर्काने भरावे लागते. म्हणून हा निष्कर्ष आजच्या पुराव्यांनिशी सर्वांत संभवनीय आहे, एवढेच म्हणावे. उद्या अधिक बळकट पुरावा आला, तर तो बदलेलही.

समुद्रतळाची साक्ष आणि पुण्याची साक्ष

या स्फोटाची एक साक्ष पृथ्वीवरही आहे. लोहाचा 'लोह-६०' नावाचा एक किरणोत्सारी प्रकार असतो. दर २६ लाख वर्षांनी तो निम्मा उरतो. पृथ्वीचे वय साडेचार अब्ज वर्षे, म्हणजे जन्माच्या वेळी तिच्यात असलेले लोह-६० केव्हाच संपलेले आहे. असे असता, खोल समुद्राच्या तळावर अतिशय मंद गतीने साचणाऱ्या कठीण थरांत त्याचे अणू सापडले. म्युनिक येथील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये आणि नंतर २००४ मध्ये ते दाखवून दिले. पुढील मापनांतून हे अणू सुमारे १५ ते ३२ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत असल्याचे दिसले. म्हणजे त्या काळात आपल्या शेजारी एक किंवा अधिक ताऱ्यांचे स्फोट झाले आणि त्यांची धूळ येथवर आली. झीटाच्या जोडीदाराचा स्फोट नेमका याच कालखंडात बसतो.

तो स्फोट आकाशात दिवसाही दिसला असेल. पाहणारे कोण होते? आजचा माणूस अद्याप उत्पन्न झालेला नव्हता. आफ्रिकेत त्याचे दूरचे पूर्वज ताठ चालत होते. तमिळनाडूतील अत्तिरम्पाक्कम येथे सापडलेली दगडी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची मानली जातात. त्या हातांत लेखणी नव्हती, त्यामुळे नोंद राहिली ती फक्त समुद्रतळावर.

दुसरी साक्ष आपल्या अगदी जवळची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण याच केंद्राची. नीलगिरीत उटी येथे डोंगरउतारावर उभी असलेली ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीणही तेच चालविते. या दोन्ही दुर्बिणींच्या मागे डॉ. गोविंद स्वरूप यांची प्रतिभा होती. उटीच्या दुर्बिणीतून या केंद्रातील संशोधकांनी 'बी १७०६-१६' या स्पंदकाचा अभ्यास केला आणि २०१८ साली एक विलक्षण गोष्ट नोंदविली. दर ०.६५ सेकंदाला ठोका देणारा हा स्पंदक मधूनच दोन ते पाच तास पूर्ण गप्प बसतो, आणि मग पुन्हा बोलू लागतो. तेव्हा झीटाशी त्याचे नाते कुणी जोडलेले नव्हते. ज्याला आपण भाटघरहून पाहतो, त्या ताऱ्याच्या दुरावलेल्या जोडीदाराचा आवाज आणि त्याचे मौन, दोन्ही भारतात, पुण्यातील संशोधकांनी आधीच ऐकून ठेवले होते.

त्या मुलीला उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. झीटा, त्याचा स्फोट पावलेला जोडीदार आणि स्वतः ज्येष्ठा हे सर्व एकाच मोठ्या घराण्यातील. वृश्चिक, वृक आणि नरतुरंग या तारकासमूहांतून पसरलेल्या या तरुण ताऱ्यांच्या वस्तीत त्यांचा जन्म झाला. ज्येष्ठा हा सुमारे साडेपाचशे प्रकाशवर्षे दूर असलेला, अवाढव्य फुगलेला, उतारवयाचा तारा आहे. तो सूर्याच्या जागी ठेवला, तर मंगळाच्या कक्षेपर्यंतचे सारे गिळून टाकील. केव्हातरी त्याचाही स्फोट होईल. त्याला पृथ्वीवरील एखाद्या घरातील थोरले-धाकटे ठाऊक नाहीत. एखादी मुलगी जन्मली त्या रात्री त्याच्यापासून आलेला प्रकाश साडेपाचशे वर्षांपूर्वी निघालेला होता. तेव्हा ती नव्हती, तिचे घर नव्हते, आणि तिच्यावर दोष ठेवणारेही नव्हते.

ताऱ्यांचा आपल्याशी संबंध नाही, असे मात्र नाही. आपल्या रक्तातील लोह असेच कोणत्यातरी ताऱ्यांत घडले आणि सूर्य जन्मण्यापूर्वी त्यांच्या स्फोटांतून विखुरले गेले. हा संबंध द्रव्याचा आहे, दैवाचा नाही. आणि तो सर्वांशी सारखाच आहे. कोणत्या कुळात, कोणत्या घटकेला जन्म झाला, याची विचारपूस त्यात नाही.

पालकसभेच्या दिवशी त्या मुलीची आई आली, तेव्हा हे सारे आम्ही तिला जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग सर, हिच्या जन्मात काहीच दोष नाही ना?" आम्ही म्हणालो, "ताई, दोष नाही. असलाच तर आपल्या बोलण्यात आहे." ती काही बोलली नाही. जाताना मात्र मुलीच्या खांद्यावर हात ठेवून फाटकापर्यंत गेली. मुलीने पुढे विज्ञान शाखा घेतली.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून लेख संपवितो. आपण मुलाबाळांसह शाळेत याल, तेव्हा एखादी रात्र मुक्काम करावा. उजेड कमी करून आग्नेयेकडे पाहावे. ज्येष्ठेच्या डावीकडे दीड मूठ. तो तारा मुलांना दाखवावा आणि त्याचे मूळ गाव कसे शोधले, ते सांगावे. बुडालेल्या गावांची नावे ज्यांना आठवत असतील, त्यांनी तीही सांगावीत. प्रवेश-अर्जावरील त्या रकान्यात ती लिहिली जावीत, अशी आमची इच्छा आहे.